प्रेशर वॉशर पाणी जोरात मारतोय, पण शाम्पू ओढतच नाही? गोची बहुतेक वेळा मशीनमध्ये नसते

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये चक्कर मारा. झेंडूचे हार घालायच्या आधी गाड्या धुवायची लगबग सुरू असते. कोणीतरी सेलमध्ये घेतलेला नवाकोरा प्रेशर वॉशर बाहेर काढलेला असतो. मशीन घरघरतं, पाण्याची धार अशी सुटते की मडगार्डखालचा चिखल क्षणात गायब. पोरं खूश.

मग येतो शाम्पूचा नंबर. नळी शाम्पूच्या कॅनमध्ये सोडली जाते, ट्रिगर दाबला जातो आणि बाहेर येतं नुसतं पाणी. कॅनमधला शाम्पू जागचा हलत नाही.

इथून पुढचे प्रयोग ठरलेले असतात. कोणी शाम्पू घट्ट करतं, कोणी पातळ करतं, कोणी नळी फुंकून बघतं. एखादा हुशार गडी सांगतो, "अरे, सरळ पाण्याच्या बादलीतच टाक की शाम्पू!" आणि शेवटी निकाल लागतो, मशीन डिफेक्टिव्ह आहे, परत करा.

पण बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. पाणी जोरात मारणं आणि शाम्पू ओढणं ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, एवढीच गोष्ट बॉक्सवर ठळक अक्षरांत लिहिलेली नसते. जास्त प्रेशर म्हणजे शाम्पू जास्त ओढला जाणार, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात प्रेशर जास्त असलं की शाम्पू येत नाही.

हे असं का, ते एकदा डोक्यात बसलं की पुढची दुरुस्ती घरच्या घरी होते.

पहिली गोष्ट. प्रेशर वॉशरमध्ये शाम्पूसाठी वेगळा पंप नसतो. घरगुती मशीन तर सोडाच, मोठ्या मशीनमध्येही बऱ्याचदा नसतो. मग शाम्पू आत येतो कसा? तर तो हवा ढकलते. आपल्याभोवतीची साधी हवा.

शहाळं पिताना काय होतं आठवा. आपण स्ट्रॉमधली हवा ओढून घेतो, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब शहाळ्यातलं पाणी वर ढकलतो. आपल्याला वाटतं आपण पाणी ओढलं. प्रेशर वॉशरचंही तसंच. पाण्याच्या वाटेत एका जागी दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला, की बाहेरची हवा कॅनमधल्या शाम्पूला त्या जागेकडे ढकलते.

दाब कमी करायची ही करामत ज्या भागात होते त्याला इंजेक्टर म्हणतात. दिसायला काहीच नाही, पितळेचा किंवा प्लास्टिकचा बोटभर तुकडा. आत पाण्याची वाट मध्येच अरुंद होते आणि पुढे परत रुंद होते. अरुंद जागेतून तेवढंच पाणी जायचं असेल तर त्याला वेग वाढवावा लागतो आणि वेग वाढला की त्या जागी पाण्याचा दाब पडतो. नेमक्या त्याच जागी बाजूने एक बारीक भोक असतं. शाम्पूची नळी तिथे जोडलेली असते.

वेग वाढला की दाब पडतो, हे डॅनियल बर्नुलीने १७३८ साली आपल्या 'हायड्रोडायनामिका' या ग्रंथात मांडलं. अरुंद नळीतून जाणारं पाणी बाजूचं पाणी कसं ओढून नेतं, यावरचे प्रयोग जिओव्हानी बातिस्ता व्हेंचुरी या इटालियन प्राध्यापकाने १७९७ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध केले. हा गडी मुळात धर्मगुरू. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांमध्ये विज्ञानाचा केवढा खजिना पडलाय, हे जगाला सांगणाऱ्या पहिल्या लोकांपैकी तो एक. त्याचं नाव मात्र आज चालतं ते या चिमट्या नळीमुळे.

आणि महाराष्ट्रातल्या ठिबकवाल्या शेतकऱ्याला तर हा शब्द अजिबात नवीन नाही. ठिबकमधून खत सोडायला जी 'व्हेंचुरी' बसवतात ती हीच. तिथेही नुसती व्हेंचुरी बसवून खत ओढलं जात नाही. मेन लाइनवरचा कॉक थोडा बंद करायचा, म्हणजे व्हेंचुरीच्या अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे कमी राहतो. कॉक पूर्ण उघडा ठेवला की खताची बादली तशीच्या तशी. द्राक्षबागेत ज्याने हा कॉक फिरवलाय, त्याला प्रेशर वॉशरचं शाम्पूचं कोडं अर्धं सुटलेलंच आहे.

आता जरा आकडे बघू.

घरगुती मशीन साधारण मिनिटाला ६ लिटर पाणी टाकतं असं धरू. म्हणजे सेकंदाला १०० मिलीलिटर. इंजेक्टरमधली अरुंद जागा २ मिलीमीटरची असेल तर तिथून जाताना पाण्याचा वेग होतो सेकंदाला साधारण ३२ मीटर. म्हणजे ताशी ११५ किलोमीटर, एक्स्प्रेसवेवर चलान फाटेल एवढा. या वेगामुळे त्या जागी दाब पडतो साधारण ५ बारने. भोकाचा खरा आकार कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे हा हिशोब ढोबळ आहे. पण मुद्दा कळायला पुरेसा आहे.

समजा गनला चिखल काढायचं बारीक भोकाचं नोझल लावलंय. पाइपमधला दाब आहे १०० बार. इंजेक्टरमध्ये त्यातले ५ बार कमी झाले. राहिले किती? ९५. आणि बाहेरच्या हवेचा दाब असतो १ बार. आता १ बारवाली हवा ९५ बारच्या पाइपमध्ये शाम्पू ढकलणार कशी? उलट पाइपमधलं पाणीच शाम्पूच्या कॅनमध्ये घुसेल. ते घुसू नये म्हणून तिथे एक बारीक गोळी आणि स्प्रिंगची झडप बसवलेली असते. हाय प्रेशरला ती गच्च बंद होते.

आता तेच नोझल काढून मोठ्या भोकाचं लावा. पाइपमधला दाब धाडकन उतरतो आणि दोन-चार बारवर येतो. त्यातून ५ बार वजा व्हायला लागले की इंजेक्टरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, झडप उघडते आणि शाम्पू आत. एवढंच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची. दाब उतरला म्हणजे पंप कमजोर झाला असं नाही. पंप आधीही मिनिटाला ६ लिटर ढकलत होता, आताही जवळपास तेवढंच ढकलतोय. तो पाणी ढकलतो, दाब तयार होतो तो समोरच्या बारीक भोकामुळे. भोक मोठं केलं की पाणी तेवढंच येतं, फक्त आरामात येतं.

म्हणून शाम्पू येत नसेल तर पहिली नजर नोझलवर. क्विक कपलिंगची रंगीत नोझल मिळतात, त्यात लाल म्हणजे ० अंशाची सरळ धार, पिवळं १५ अंश, हिरवं २५, पांढरं ४० आणि काळं ६५ अंशांचं. यातलं फक्त काळं शाम्पूसाठी. बाकी चारांपैकी कुठलंही लावलं तरी इंजेक्टर शाम्पू ओढणार नाही, मग तुम्ही कितीही वेळ ट्रिगर धरून उभे राहा. काळं नोझल हातात घेऊन बघा, भोक डोळ्यांना सरळ मोठं दिसतं. बाकीच्यांचं भोक उजेडात धरून शोधावं लागतं.

काही मशीनला रंगीत नोझल नसतात. गनपुढची नळीच फिरवायची असते. एकीकडे फिरवली की बारीक धार, दुसरीकडे फिरवली की पसरट फवारा. काहींमध्ये नळीचं तोंड पुढे-मागे सरकवायचं असतं. इथे फसायला होतं ते असं की फवारा पसरट झाला म्हणजे प्रेशर कमी झालं असं वाटतं. पण पसरट फवाऱ्यातही प्रेशर तेवढंच असू शकतं. त्यामुळे लो प्रेशरची खूण कुठे आहे ते बघून नळी शेवटपर्यंत न्यायची. आवाजावरूनही कळतं. हाय प्रेशरला गन हाताला मागे रेटते आणि फवारा सणसणतो. लो प्रेशरला तीच गन बागेतल्या पाइपसारखी मवाळ होते.

नोझल बदलताना एक काळजी घ्या. मशीन बंद केल्यावरही पाइपमध्ये दाब अडकलेला असतो. आधी मशीन बंद, मग गन मोकळ्या जागी धरून ट्रिगर दाबायचा, दाब सोडायचा आणि त्यानंतरच नोझलला हात लावायचा. ही धार कातडीत घुसू शकते. बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत पाणी व शाम्पू पसरलेला असतो. असं झालं तर हळद लावून घरी बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं.

आता समजा नोझल बरोबर आहे आणि तरी शाम्पू येत नाही. मग शाम्पू बाजूला ठेवा आणि नळी साध्या पाण्याच्या बाटलीत सोडा. बाटलीवर पेनाने पाण्याच्या पातळीची खूण करा आणि लो प्रेशरवर एक मिनिट मशीन चालवा.

पातळी खाली गेली, तर इंजेक्टर चांगलाय. दोष शाम्पूचा. तो घट्ट आहे. बारीक नळीतून आणि त्याहून बारीक भोकातून मधासारखा शाम्पू ढकलायला हवेचा तो एवढासा दाब पुरत नाही. थोडं पाणी मिसळून पातळ करा. कपडे धुवायची पावडर घोळवून टाकली असेल तर न विरघळलेले कण नळीच्या टोकाच्या जाळीत जाऊन बसतात. मग पाणीही यायचं बंद होतं.

पातळी खाली गेली नाही, तर नळी इंजेक्टरवरून काढा आणि मशीन लो प्रेशरवर चालू असताना त्या बारीक तोंडावर बोट ठेवा. हे फक्त लो प्रेशरलाच करायचं आणि बोट शाम्पूच्या तोंडावर ठेवायचं, नोझलच्या जवळपास न्यायचं नाही. बोट ओढल्यासारखं वाटलं तर ओढ आहे, म्हणजे दोष नळीत आहे. नळीला चीर गेली असेल, ती तोंडावर सैल बसत असेल किंवा टोकाची जाळी तुंबली असेल. स्ट्रॉला मध्येच भोक पडलं की शहाळ्याचं पाणी येत नाही, नुसती हवा येते, तसंच इथे. शाम्पूऐवजी हवा आत येत राहते. नळीत बुडबुडे पळताना दिसले तर समजायचं की वाटेत कुठेतरी हवा शिरतेय. नळीचं कडक झालेलं टोक बोटभर कापून परत घट्ट बसवलं तरी बऱ्याचदा काम होतं.

बोटाला ओढ लागलीच नाही, तर ती गोळी आणि स्प्रिंगची झडप अडकलेली असते. आणि ती अडकते आपल्याच कर्माने. मागच्या वेळी गाडी धुवून झाल्यावर नळी शाम्पूसकट गुंडाळून ठेवली, आतला शाम्पू वाळला आणि गोळी जागेवर चिकटून बसली. कोमट पाण्यात तो भाग तासभर बुडवून ठेवा, मग बोथट काडीने गोळी हळूच दाबून बघा. ती आत जाऊन परत वर यायला हवी. बोअरचं पाणी वापरत असाल तर पांढरा क्षारही साचलेला असतो. त्यासाठी कोमट पाण्याऐवजी पांढरं व्हिनेगर. सुई किंवा खिळा घालून खरवडायचा मोह टाळा, भोक मोठं झालं किंवा गोळीची बैठक खराब झाली तर तो इंजेक्टर गेला.

एक कारण असंही आहे जे पटकन सुचत नाही, ते म्हणजे लांब पाइप. मशीनबरोबर आलेला पाइप पुरत नाही म्हणून लोक त्याला दुसरा जोडतात. इंजेक्टर मशीनजवळ असेल तर त्याच्या पुढचा सगळा पाइप पाण्याला अडवतो आणि ही अडवणूक मागे इंजेक्टरपर्यंत दाब म्हणून पोहोचते. ८ मीटरला जे चालत होतं ते २० मीटरला बंद पडतं. मोठं नोझल लावूनही दाब पुरेसा उतरत नाही. अशा वेळी शाम्पू मारण्यापुरता जोडलेला पाइप काढून बघायचा.

आणि जरा धीरही धरायचा. इंजेक्टर मशीनजवळ असेल तर शाम्पूला अख्खा पाइप पार करून गनपर्यंत यायला काही सेकंद लागतात. ८ मिलीमीटर पोटाच्या ८ मीटर पाइपमध्ये ४०० मिलीलिटर पाणी मावतं. मिनिटाला ६ लिटरच्या हिशोबाने ते बाहेर पडायलाच ४ सेकंद गेले. दोन सेकंदांत "येत नाही" म्हणून ट्रिगर सोडणारेही कमी नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, रील्समध्ये तर फोम गन लावून अख्खी गाडी बर्फासारखी पांढरी करतात. तिथे तर कोणी लो प्रेशर करत नाही!

बरोबर आहे. कारण फोम गन ही वेगळी चीज आहे. तिच्यात तिचा स्वतःचा बारीक जेट असतो. पाणी हाय प्रेशरने त्या जेटपर्यंत येतं, पण जेटमधून सुटल्यावर ते मोकळ्या जागेत पडतं आणि तिथे पुढे अडवणारं बारीक नोझल नसतं. म्हणजे दाब आधीच खर्च झाला, उरला तो वेग. तो वेग बाटलीतला शाम्पू ओढतो, बाहेरची हवाही ओढतो आणि हे सगळं मिश्रण पुढे स्टीलच्या बारीक जाळीच्या गुंडाळीवर आपटतं. त्या जाळीत हवा आणि शाम्पू घुसळून निघतात, तेव्हा घट्ट फेस होतो. नियम तोच आहे, शाम्पू जिथे शिरतो तिथे दाब कमी हवा. फोम गनने ती जागा गनच्या पुढे आणून ठेवली.

यातून एक गैरसमजही मिटतो. काळ्या नोझलमधून रील्ससारखा फेस कधीच येणार नाही. तिथे शाम्पूचं पाणी येतं, साबणाच्या बादलीत बुडवलेल्या फडक्यासारखं. फेस दिसला नाही म्हणून शाम्पू येतच नाही असं समजू नका, हाताला बुळबुळीत लागतंय का ते बघा. आणि घाण सैल करायचं काम शाम्पू करतो. फेसाचा फायदा एवढाच की तो गाडीवर जास्त वेळ टिकून राहतो.

फोम गन घेतली आणि तरी नुसतं पांढुरकं पाणी येतंय, ही भारतातल्या घरगुती मशीनवाल्यांची नेहमीची तक्रार. त्यामागे बऱ्याचदा जेटचं माप असतं. बाजारात १.२५ मिलीमीटर जेटच्या फोम गन सर्रास मिळतात, पण त्या जास्त पाणी टाकणाऱ्या मशीनसाठी. मिनिटाला ६ लिटरवाल्या मशीनवर १.२५ च्या जेटमधून पाण्याचा वेग होतो सेकंदाला साधारण ८१ मीटर. तेच १.१ मिलीमीटरचा जेट लावला की वेग जातो १०५ मीटरवर. फरक मिलीमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा, पण फेस घट्ट येतो की पातळ, ते त्यावर ठरतं. १.१ चा जेट सुटाही मिळतो. फोम गन फेकून द्यायच्या आधी तो बदलून बघणं कधीही स्वस्त.

आधी चांगला फेस यायचा आणि हळूहळू पातळ होत गेला, तर जेटवर संशय घेऊ नका. ती स्टीलची जाळी क्षाराने तुंबलेली असते. ती बाहेर काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवायची, नाहीतर नवीन बसवायची.

आणि बाटली आत चेपली जात असेल तर? बाटलीतून शाम्पू गेला तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणाजवळ एक बारीक भोक असतं. ते तुंबलं की बाटलीच्या आतला दाबही कमी होतो, बाटली चेपते आणि शाम्पू मध्येच थांबतो. झाकण जरा सैल केल्यावर परत फेस सुरू झाला तर रोग हाच.

शाम्पूचं प्रमाण हा अजून एक घोळ. बाटलीवर लिहिलेलं असतं बादलीभर पाण्यात किती झाकणं टाकायची. लोक त्याच हिशोबाने शाम्पू पातळ करून कॅनमध्ये भरतात. पण इंजेक्टर त्यात परत पाणी घालणारच आहे. मघाशी केलेल्या एक मिनिटाच्या प्रयोगात बाटलीतलं पाणी ४०० मिलीलिटर कमी झालं असेल, तर ६ लिटर पाण्यात ४०० मिलीलिटर, म्हणजे १५ भाग पाण्यात १ भाग असा हिशोब झाला. तुम्ही आधीच १ भाग शाम्पूत १० भाग पाणी घातलं असेल तर गाडीवर पोहोचतं ते दीडशे-पावणेदोनशे भाग पाण्यात १ भाग शाम्पू. हे चालेल की नाही ते शाम्पूवर अवलंबून, पण हिशोब करून ठरवा. फोम गनच्या १ लिटर बाटलीत ५० ते १०० मिलीलिटर शाम्पूने सुरुवात करून बघायची. आधी पाणी, मग शाम्पू आणि बाटली हलवायची नाही, नुसती कलती करायची. हलवली की बाटलीतच फेस होतो आणि नळी शाम्पूऐवजी फेस ओढते.

आता त्या हुशार गड्याकडे येऊ, जो म्हणाला होता की शाम्पू पाण्याच्या बादलीतच टाक.

काही मशीन बादलीतून पाणी ओढून घेतात, म्हणून हा जुगाड सुचतो. आणि चालतोही, एक-दोनदा. शाम्पूचं पाणी पंपातून जातं, बाहेर साबणाचं पाणी येतं, सगळे खूश. पण बादलीत जो फेस होतो त्यातले बुडबुडे पंपात शिरतात. पंप पाण्यासाठी बनवलाय, हवेसाठी नाही. हवा आली की त्याची पकड सुटते, धार तुटक येते, आवाज बदलतो. काम झाल्यावर शाम्पू आतच वाळतो आणि पंपाच्या झडपांवर, रबरी सीलवर बसतो. इंजेक्टर पंपाच्या पुढे ठेवतात त्याचं कारणच हे, शाम्पूची आणि पंपाची गाठ पडू नये. इंजेक्टर खराब झाला तर काही शे रुपयांत काम भागतं. पंप गेला तर त्याची किंमत ऐकून लोक नवीन मशीन घेतात.

पाण्याचंही एक बघायला हवं. टेरेसच्या टाकीवर मशीन चालवणारे बरेच. टाकीची उंची १० मीटर असेल तर नळाला १ बार दाब मिळतो. बंगल्यावर ३ मीटर उंचीवर टाकी असेल तर जेमतेम ०.३ बार. त्यात नळ अर्धवट उघडा किंवा पाइप बारीक असेल तर पंपाला हवं तेवढं पाणीच मिळत नाही आणि उपाशी पंपावर इंजेक्टर कधी ओढतो, कधी सोडतो. तपासायला घड्याळ आणि बादली पुरे. मशीन मिनिटाला ६ लिटर घेणारं असेल तर २० लिटरची बादली त्या नळाने सव्वातीन मिनिटांच्या बऱ्याच आधी भरायला हवी. दोन मिनिटांत भरली तर निर्धास्त. चार मिनिटं लागत असतील तर शाम्पूचं नंतर, आधी पाण्याचं बघा.

शाम्पूच्या जागी काय टाकू नये, हेही सांगायला हवं. भांड्यांचं लिक्विड गाडीवरचं वॅक्स काढून टाकतं. ब्लीच इंजेक्टरचं रबर आणि धातू खातं. आणि फरशी धुवायला आधी ब्लीच आणि त्यानंतर त्याच नळीतून टॉयलेट क्लीनरचं ॲसिड, असा प्रकार तर जीवावर बेतू शकतो. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. हा खेळ बंद गॅरेजमध्ये तर मुळीच करायचा नाही.

बाकी धुवायची पद्धत सोपी आहे. गाडी सावलीत, बॉनेट थंड झालेलं. आधी हाय प्रेशरने चिखल काढायचा. मग मशीनचा दाब सोडून शाम्पूचं नोझल. शाम्पू खालून वर मारत जायचा, म्हणजे कोरड्या पत्र्यावर ओघळ उमटत नाहीत. तीन-चार मिनिटं थांबायचं, पण वाळू द्यायचा नाही. मे महिन्यातल्या दुपारी तर एवढा वेळही मिळत नाही, तेव्हा एकेक बाजू करून धुवायची. मग पांढरं किंवा हिरवं नोझल लावून वरून खाली पाणी. टायरच्या बाजूंना आणि जुन्या रंगाला धार फार जवळून मारायची नाही. मशीनचा प्लग पाण्यापासून लांब आणि लाइनला ईएलसीबी बसवलेला असावा, उघड्या वायरचा जोड तर नकोच.

गाडी चकचकीत झाली, फोटो काढून झाले, तरी मशीन लगेच गुंडाळू नका. शाम्पूची नळी स्वच्छ पाण्याच्या बाटलीत सोडायची, लो प्रेशरवर मिनिटभर चालवायचं. फोम गनची बाटली विसळून, त्यात साधं पाणी भरून, फेस यायचा बंद होईपर्यंत मारायचं. झाकण सैल ठेवून बाटली वाळवायची. पुढच्या वेळी मशीन बाहेर निघेल ते कदाचित थेट दिवाळीच्या साफसफाईला आणि तेव्हा ती गोळी मोकळी असायला हवी.